अग्निबाणाचें पारितोषिक

विज्ञानकादंबरीस मिळालेल्या पारितोषिकांचा इतिहास सांगावयाचा तर त्याचा आरंभ अमेरिकेंतून न करतां पॅरिसमधून करणें प्राप्त आहे. सन १९०३ मध्यें गोंकूर अकादमीनें आपलें पहिलें पारितोषिक जाहीर केलें. फ्रेंच वाङ्मयांत ज्या निकालाची आजही वर्षभर वाट पाहिली जाते तेंच हें पारितोषिक. पहिल्या वर्षीं तें जॉन-आंत्वान नो ह्या फारशा प्रसिद्ध नसलेल्या लेखकाच्या 'फोर्स एनमी', म्हणजे 'वैरी शक्ति', ह्या कादंबरीस मिळालें. वेड्यांच्या इस्पितळांत ठेवलेल्या एका माणसाच्या अंगांत परग्रहावरचा जीव शिरतो, आणि आपल्याच मनांत बोलणारा हा दुसरा कोण हें त्या बिचाऱ्यास उमगेनासें होतें, असें तिचें कथानक आहे. ह्या अकादमीच्या सभासदांत वडील रोनी हेही होते. त्यांनीं स्वतः १८८७ सालींच 'ले झिपेयूझ' ह्या कथेंत, मनुष्याशीं जिचें कसलेंही साम्य नाहीं अशा एका जीवजातीशीं आदिमानवानें दिलेली झुंज रंगविली होती. तेव्हां ह्या वाङ्मयप्रकारास पहिला मान मिळाला तो कोणा आडवळणाच्या मंडळांत नव्हे, तर भर राजदरबारांत.

परंतु ही कृपा टिकली नाहीं. पुढें प्रतिष्ठित परीक्षकांची दृष्टि ह्या प्रकाराकडे क्वचितच वळली, आणि वळली तरी ती बहुधा कपाळास आठी घालूनच. कालयंत्र आणि मंगळावरची स्वारी ह्या दोन कल्पना ज्यांनीं जगाच्या मनांत कायमच्या रुजविल्या त्या एच्. जी. वेल्स ह्यांचें नांव नोबेल पारितोषिकासाठीं १९२१, १९३२, १९३५ आणि १९४६ अशा चार सालीं सुचविलें गेलें, आणि चारही वेळां तें बाजूस पडलें. १९४६ च्या ऑगस्टांत वेल्स निवर्तले. ज्याला दरबारीं मान नाहीं तो आपली पंचायत आपणच बसवितो, हा लोकव्यवहार आहे. विज्ञानकादंबरीनेंही तेंच केलें. आतां पंचायत म्हटली कीं पंच कोण हा प्रश्न आलाच. वाचकांनीं निवाडा द्यावा, लेखकांनीं द्यावा, कीं दोहोंखेरीज कोणी जाणते परीक्षक नेमावेत? गेल्या सत्तर वर्षांत हे तिन्ही मार्ग चोखाळले गेले. त्यांतला पहिला सर्वांत धाडसाचा, आणि म्हणूनच सर्वांत मनोरंजक. सबब त्याचीच हकीकत येथें विस्तारानें देत आहों.

लक्झेंबर्गमध्यें १८८४ सालीं जन्मून तरुणपणीं अमेरिकेंत आलेले ह्यूगो गर्न्सबॅक हे बिनतारी यंत्रांचें सामान विकणारे आणि तद्विषयक मासिकें चालविणारे गृहस्थ. १९२६ च्या एप्रिल महिन्यांत त्यांनीं 'अमेझिंग स्टोरीज' हें केवळ विज्ञानकथांस वाहिलेलें मासिक काढलें. वाङ्मयाची जाण त्यांना बेताचीच होती. आणि लेखकांस पैसे देतांना त्यांचा हात इतका आखडता असे कीं लव्हक्रॅफ्टसारख्या लेखकानें खासगींत त्यांना 'घूस' ही पदवी बहाल केली होती. मात्र एक गोष्ट त्यांच्या मासिकानें केली, आणि तिचें फळ कोणास कल्पना नव्हती इतकें मोठें आलें. वाचकांचीं पत्रें छापतांना पत्रलेखकाचा संपूर्ण पत्ताही छापला जाई. गांवांत आपल्यासारखा वेडा दुसरा नाहीं असें समजून एकट्यानेंच तीं स्वस्त कागदावरचीं मासिकें वाचणाऱ्या पोरांना एकमेकांचे पत्ते मिळाले. पत्रांतून ओळखी, ओळखींतून मंडळें, मंडळांतून हस्तलिखित आणि चक्रमुद्रित पत्रिका, असें करीत करीत १९३९ च्या जुलैंत न्यूयॉर्क येथें ह्या वाचकांचें पहिलें संमेलन भरलें. हजर माणसें सुमारें २००. पण त्याच वर्षीं त्या शहरांत जागतिक प्रदर्शन भरलेलें असल्यामुळें संमेलनासही 'जागतिक' हें विशेषण लागलें, तें कायमचें चिकटलें.

पारितोषिकाची कल्पना पुढें आली ती १९५३ सालीं फिलाडेल्फिया येथें भरलेल्या अकराव्या संमेलनाच्या वेळीं. चित्रपटवाल्यांचे जसे पुतळे तसें आपलेंही कांहीं असावें, असें व्यवस्थापक मंडळींतल्या एकाच्या मनांत आलें. आकृति अग्निबाणाची असावी हें ठरावयास वेळ लागला नाहीं. त्या काळीं ओल्ड्स्मोबील मोटारीच्या बॉनेटवर शोभेचा एक बाण बसविलेला असे. तोच आणून लाकडी बैठकीवर उभा करावा असा सोपा बेत झाला. पण बाण हातीं घेऊन पाहतात तों तो खालून पोकळ! तेव्हां मंडळींपैकीं जॅक मॅक्नाइट ह्या कसबी कारागिरानें तें काम अंगावर घेतलें. संमेलन ऐन रंगांत आलें असतां हे गृहस्थ आपल्या कामाच्या जागीं पोलादाचे अग्निबाण कातीत आणि त्यांना पंख जोडीत बसले होते. ज्या सोहळ्यासाठीं ही खटपट त्याचा बराचसा भाग त्यांना पाहावयासच मिळाला नाहीं. अशा माणसांचीं नांवें इतिहासांत सहसा राहत नाहींत. ह्यांचें राहिलें ह्याचा आनंद वाटतो.

समारंभाचे सूत्रधार होते आयझॅक आसिमॉव्ह. वाटप सुरू झालें आणि पहिलाच अग्निबाण ज्यांना मिळाला त्या फॉरेस्ट ॲकरमन ह्यांनीं, ह्या मानाचे खरे धनी इंग्लंडचे केन स्लेटर आहेत, असें म्हणून तो जागच्या जागीं दुसऱ्याच्या नांवें करून टाकला. कादंबरीचा अग्निबाण आल्फ्रेड बेस्टर ह्यांच्या 'द डिमॉलिश्ड मॅन' हिला गेला. पोलिसांतील माणसांना दुसऱ्याचें मन वाचतां येतें अशा समाजांत खून पचवावयाचा कसा, हा तिचा विषय. नायक डोक्यांत घोळत राहणारें एक निरर्थक गाणें मुद्दाम मिळवितो आणि त्याच्या पडद्याआड आपला बेत दडवितो! पहिल्याच वर्षीं वाचकांची निवड इतकी चोख उतरावी हें त्यांच्या रसिकतेस भूषणावह आहे. पारितोषिकाचें अधिकृत नांव मात्र लांबलचक होतें. लोकांनीं तें बाजूस ठेवून गर्न्सबॅक ह्यांच्यावरून 'ह्यूगो' म्हणावयास सुरुवात केली. ज्यांच्याकडून पैसे वसूल करतां करतां लेखक थकले, त्यांच्याच नांवानें लेखकांचा गौरव व्हावा, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा.

पुढच्या वर्षीं, १९५४ सालीं, संमेलन सॅन फ्रान्सिस्को येथें भरलें, आणि तेथील मंडळींनीं पारितोषिकें दिलींच नाहींत. प्रथा तेथेंच बुडावयाची; परंतु १९५५ सालीं क्लीव्हलंड येथील संमेलनानें ती पुन्हा उचलून धरली. ह्या दुसऱ्या खेपेस वाचकांनीं मार्क क्लिफ्टन आणि फ्रँक रायली ह्यांच्या 'दे'ड रॅदर बी राइट' ह्या कादंबरीस कौल दिला, आणि तेव्हांपासून आजतागायत हा कौल थट्टेचा विषय होऊन बसला आहे. मनुष्याचे पूर्वग्रह धुऊन काढून त्याला चिरतारुण्य देणारें एक विचारयंत्र, आणि आपलीं मतें सोडण्यापेक्षां म्हातारपण पतकरणारीं माणसें, अशी तिची कल्पना. कल्पना वाईट नाहीं. तिच्यांत एक तिखट सत्यही आहे. परंतु कथा भाषणांखालीं दबून गेली आहे. आसिमॉव्ह ह्यांची 'द केव्ह्ज ऑफ स्टील' आणि हॅल क्लेमंट ह्यांची 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' ह्या दोन्ही कादंबऱ्या १९५४ सालींच पुस्तकरूपानें निघाल्या होत्या. त्या आजही वाचल्या जातात. पारितोषिक मिळविणारी कादंबरी मात्र तें तिला कां मिळालें ह्या कुतूहलापायीं उघडली जाते. तरी आमच्या मतें ह्या चुकीचें फार भांडवल करण्यांत अर्थ नाहीं. लोकांच्या हातीं निवाडा दिला म्हणजे तो कधीं कधीं चुकावयाचाच. तो प्रामाणिकपणें चुकला होता, ही गोष्ट पुढील हकीकत पाहतां लहान नव्हे.

शिवाय त्याच वाचकांनीं पुढें जें निवडलें तें पाहावें. १९६१ सालीं वॉल्टर मिलर ह्यांची 'ए कँटिकल फॉर लीबोविट्झ': अणुयुद्धानंतरच्या अंधारयुगांत जुन्या ज्ञानाचे तुकडे अर्थ न समजतां पिढ्यान् पिढ्या जपून ठेवणाऱ्या मठवासी साधूंची कथा. १९६३ सालीं फिलिप डिक ह्यांची 'द मॅन इन द हाय कॅसल'. आणि १९६६ सालीं फ्रँक हर्बर्ट ह्यांची 'ड्यून', तीही रॉजर झेलॅझ्नी ह्यांच्या कादंबरीबरोबर समसमान मतांनीं. ह्या 'ड्यून'चें हस्तलिखित वीसांहून अधिक प्रकाशकांनीं परत केलें होतें. शेवटीं तें छापलें कोणीं, तर मोटारदुरुस्तीचीं पुस्तकें काढण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या फिलाडेल्फियाच्या चिल्टन कंपनीनें! ज्या ग्रंथास वाङ्मयाच्या बाजारांत गिऱ्हाईक मिळेना तो पुढच्याच वर्षीं वाचकांनीं डोक्यावर घेतला. वाचकांच्या पंचायतीचें समर्थन करावयास हें एकच उदाहरण पुरेसें आहे.

लेखकांना मात्र स्वतःचेंही एक पारितोषिक हवें होतें. १९६५ सालीं डेमन नाइट ह्यांच्या पुढाकारानें अमेरिकेंतील विज्ञानकथालेखकांची संस्था निघाली, आणि तिनें 'नेब्युला' नांवाचें पारितोषिक सुरू केलें. पहिल्या वर्षीं तेंही 'ड्यून'लाच मिळालें. समव्यवसायी माणसाची शाबासकी गोड असते हें खरें. पण समव्यवसायी माणसाचा राग कडूही तितकाच असतो. पोलंडचे थोर लेखक स्तानिस्लाव्ह लेम ह्यांना ह्या संस्थेनें १९७३ सालीं सन्मान्य सभासदत्व दिलें आणि १९७६ सालीं तें काढून घेतलें. कारण सांगितलें तें नियमाचें. परंतु मधल्या काळांत लेम ह्यांनीं अमेरिकन विज्ञानकथेवर कडक टीका केली होती, ही गोष्ट कोणापासूनच लपून राहिली नाहीं. उर्सुला ले ग्विन ह्यांना ही वागणूक इतकी लागली कीं त्यांनीं नेब्युलासाठीं विचाराधीन असलेली आपली एक दीर्घकथा परत घेतली. ती राहती तर तिलाच पारितोषिक मिळावयाचें होतें, असें त्यांना कळविण्यांत आलें. तें गेलें आसिमॉव्ह ह्यांना, आणि आसिमॉव्ह हे लेमविरोधी पक्षांतले!

ह्याच ले ग्विन ह्यांनीं १९७० सालीं 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ह्या कादंबरीसाठीं ह्यूगो आणि नेब्युला हीं दोन्ही मिळविलीं होतीं, आणि कादंबरीसाठीं हीं पारितोषिकें मिळविणारी पहिली स्त्री हा मानही. ज्या ग्रहावरचीं माणसें एरवीं ना स्त्री ना पुरुष, केवळ महिन्यांतले थोडे दिवस दोहोंपैकीं एक होतात, त्या बर्फाळ ग्रहाची ती कथा. स्त्रीच्या नांवाचा तोंपर्यंत ह्या क्षेत्रांत अडसरच होता. लेखिका पुरुषी टोपणनांव घेत, नाहीं तर नुसतीं आद्याक्षरें लिहीत. जेम्स टिप्ट्री धाकटे ह्या नांवानें लिहिणाऱ्या लेखकास १९७४ सालीं लघुकादंबरीचा ह्यूगो मिळाला. ह्या लेखणींत कांहीं तरी अस्सल पुरुषी आहे, असा निर्वाळा १९७५ सालीं रॉबर्ट सिल्व्हरबर्ग ह्यांच्यासारख्या जाणत्या लेखकानें छापून दिला. आणि दोनच वर्षांत उघड झालें कीं टिप्ट्री म्हणजे ॲलिस शेल्डन नांवाच्या साठी ओलांडलेल्या बाई आहेत! परीक्षकाचा डोळा ग्रंथावर किती आणि मुखपृष्ठावरील नांवावर किती, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा कोणता द्यावा?

नांव लपवून निकाल मागण्याची अशीच एक गोष्ट त्याच सुमारास महाराष्ट्रांत घडली, मात्र हेतु अगदीं उलट. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेनें विज्ञानकथांची स्पर्धा लावली. डॉक्टर जयंत विष्णु नारळीकर ह्यांचें नांव तेव्हां घरोघर पोंचलेलें होतें. त्या नांवाकडे पाहून परीक्षकांचा कल झुकेल अशी त्यांना शंका. म्हणून त्यांनीं आपलीं आद्याक्षरें उलटीं करून 'नारायण विनायक जगताप' असें नांव घेतलें. अक्षरही ओळखूं येऊं नये म्हणून मंगलाताईंनीं कथा आपल्या हातानें उतरून दिली. 'कृष्णविवर' ह्या त्या कथेस पहिलें पारितोषिक मिळालें. टिप्ट्रीबाईंनीं नांव लपविलें तें आपणांस उणें लेखतील म्हणून. नारळीकरांनीं लपविलें तें आपणांस अधिक लेखतील म्हणून. पुढें १९८० नंतर मराठी विज्ञानकादंबरीची जी वाट रुळली तिचे मोठे वाटसरू तेच, आणि २०२१ सालीं नाशिकच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलें. २०२५ च्या मे महिन्यांत ते गेले.

तिसरा मार्ग नेमलेल्या परीक्षकांचा. त्याचें ठळक उदाहरण म्हणजे आर्थर क्लार्क ह्यांच्या देणगीनें इंग्लंडांत सुरू झालेलें पारितोषिक. तें १९८७ सालीं प्रथम दिलें गेलें, तें मार्गारेट ॲटवुड ह्यांच्या 'द हँडमेड्स टेल' हिला. ॲटवुडबाई स्वतः आपल्या ग्रंथास विज्ञानकादंबरी म्हणावयास फारशा राजी नसतात, हें विशेष. २००१ पासून ह्या पारितोषिकाची रक्कम सालाइतके पौंड अशी गमतीची ठेवली आहे. २०१७ सालीं कोल्सन व्हाइटहेड ह्यांच्या 'द अंडरग्राउंड रेलरोड'ला अमेरिकेचें पुलित्झर आणि हें क्लार्क पारितोषिक अशीं दोन्ही मिळालीं, आणि त्यांना २०१७ पौंड पोंचले. वाङ्मयाचा राजरस्ता आणि ही आडवाट एके ठिकाणीं मिळावयास असे परीक्षक उपयोगी पडतात. पण त्यांच्या निवाड्याशीं वाचकाचा संबंध वर्तमानपत्रांतील बातमीपुरताच, हेंही खरें.

आतां पुन्हा ह्यूगोकडे. येथें मत देण्याचा अधिकार संमेलनाची वर्गणी भरणाऱ्या कोणाही माणसास आहे. वाचक पसंतीच्या क्रमानें मतें देतो. आणि 'कोणासच नको' असेंही लिहिण्याची त्याला मुभा असते. साठ वर्षें ही व्यवस्था चालली ती एका न लिहिलेल्या कराराच्या बळावर. मत देणारा ग्रंथ वाचून मत देतो, आणि स्वतःचें मत देतो, हा तो करार. २०१५ सालीं तो मोडला. अलीकडचीं पारितोषिकें विचारप्रणाली पाहून दिलीं जातात, कथा पाहून नव्हे, अशी तक्रार करणाऱ्या दोन गटांनीं आपापल्या पसंतीच्या याद्या प्रसिद्ध केल्या, आणि अनुयायांनीं त्याप्रमाणें नामनिर्देशन केलें. त्या टप्प्यावर मतें शेंकडों ग्रंथांत विखुरलेलीं असतात. तेथें एकजुटीनें पडलेलीं थोडीं मतेंही सगळ्या जागा अडवूं शकतात, आणि तसेंच झालें. तक्रारीचा विचार स्वतंत्रपणें करतां येईल. परंतु न वाचतां यादीबरहुकूम मत देणें हा तक्रारीवरचा उपाय नव्हे. ज्या आडाच्या पाण्याविषयीं तक्रार, त्याच आडांत माती लोटण्याचा तो प्रकार होय.

ह्या धुमाळींत मार्को क्लूस नांवाच्या एका लेखकाचें वर्तन विसरतां येण्यासारखें नाहीं. त्याच्या कादंबरीचें नांव अंतिम यादींत आलें होतें. तें अशा याद्यांच्या जोरावर आलें असावें असें दिसतांच त्यानें तें परत घेतलें. आयुष्यांत एकदां यावा असा मान त्यानें सोडून दिला, आणि मोकळ्या झालेल्या जागीं आली ल्यू त्सिशिन ह्यांची 'तीन सूर्यांचा प्रश्न' ही चिनी कादंबरी, केन ल्यू ह्यांनीं इंग्रजींत आणलेली. चेंगदू शहरांतील 'विज्ञानकथा-जग' ह्या मासिकांत ती २००६ सालीं क्रमशः प्रसिद्ध झाली होती. वाचक खवळलेले होते. ४० डॉलर वर्गणी भरून मत नोंदविणाऱ्यांची गर्दी लोटली, आणि ५,९५० मतपत्रिका आल्या. तोंवरचा हा उच्चांक. पांच विभागांत लोकांनीं 'कोणासच नको' असा निकाल दिला. कादंबरीचा अग्निबाण मिळाला त्या चिनी कादंबरीस. अनुवादित कादंबरीस तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. पुढें मोजणीची रीतच बदलण्यांत आली, आणि २०१६ ते २०१८ अशीं लागोपाठ तीन वर्षें एन्. के. जेमिसिन ह्यांच्या एकाच कादंबरीत्रयीचे तिन्ही भाग निवडून आले. तो विक्रम त्यांच्याआधीं कोणीं केला नव्हता. कादंबरीचा अग्निबाण मिळविणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिकाही त्याच.

बाहेरून आलेल्या गर्दीनें जें साधलें नाहीं तें आंतल्या कारभाऱ्यांनीं साधलें. २०२३ सालीं संमेलन त्याच चेंगदू शहरीं भरलें. २०२४ च्या जानेवारींत मतांचे आंकडे बाहेर आले तेव्हां दिसलें कीं आर्. एफ्. क्वांग ह्यांची 'बेबेल' ही कादंबरी अपात्र ठरविली होती. कारण दिलेलें नाहीं. एकोणिसाव्या शतकांतलें ऑक्सफर्ड, भाषांतरांत जो अर्थ निसटतो त्याच्यावर चालणारी जादू, आणि त्या जादूच्या बळावर चीनवर लादलें जाणारें अफूचें युद्ध, अशी ती कथा. नेब्युला तिला आधींच मिळालेलें होतें. पुढच्या महिन्यांत कारभाऱ्यांचा आपसांतला पत्रव्यवहार उघड झाला. चीन, तैवान, तिबेट ह्यांविषयीं कोणत्या लेखकानें काय लिहिलें, काय बोललें, ह्याच्या टिपा कारभारी मंडळींतील पाश्चात्य सभासदांनींच तयार केल्या होत्या! एका टीकालेखकाच्या नांवापुढें त्यानें तिबेटचा प्रवास केल्याची नोंद होती. तो गेला होता नेपाळांत. हुकूम येण्याची वाट न पाहतां हुकुमाची तामिली करणारे लोक सर्व देशांत असतात. वाचकांच्या पंचायतींतही ते निघावेत ह्याचें दुःख अधिक.

त्यानंतरचें संमेलन २०२४ सालीं ग्लासगो येथें भरलें. तेथील कारभाऱ्यांनीं निकालापूर्वींच जाहीर केलें कीं एकूण ३,८१३ मतपत्रिकांपैकीं निदान ३७७ खोट्या ठरवून बाद केल्या आहेत. कोणा एकास निवडून आणण्यासाठीं त्या भरल्या होत्या. त्या उमेदवारास ह्याची वार्ता असल्याचा पुरावा नाहीं, म्हणून त्याचें नांव सांगितलें नाहीं, आणि त्या मतांवांचून तो निवडूनही आला नाहीं. खोट्या मतदारांच्या एका रांगेंतील आडनांवें फक्त पहिल्या अक्षरानें निराळीं, तीं अक्षरेंही वर्णमालेच्या क्रमानें! दुसऱ्या रांगेंतील नांवें म्हणजे ओळीनें येणाऱ्या आंकड्यांचीं भाषांतरें. उरलेल्या खऱ्या मतांतून कादंबरीचा अग्निबाण एमिली टेश ह्यांच्या 'सम डेस्परेट ग्लोरी'ला मिळाला. ती त्यांची पहिली पूर्ण लांबीची कादंबरी.